माजघर दिसलं तर खिडकी पांढरीफट्ट, खिडकी दिसली तर माजघर काळंकुट्ट: आजोळच्या घराचे फोटो

पोफळीची_सावली:

नमस्कार मंडळी. प्रकाशचित्रण विभागात पहिल्यांदाच धागा काढते आहे.

दापोलीजवळ माझं आजोळ आहे. चिऱ्याचं पूर्वाभिमुख घर, भिंती दीड हात जाड, वर मंगलोरी कौलं. पुढे खळं म्हणजे अंगण, मग ओटी, आत माजघर, डावीकडे देवघर, मागे स्वयंपाकघर आणि मागच्या पडवीतून आगरात उतरायच्या पायऱ्या. येत्या एप्रिलमध्ये कौलं उतरवून स्लॅब टाकायचं मामांनी ठरवलंय. वासे पोखरलेत, दर पावसाळ्यात चार ठिकाणी बादल्या ठेवाव्या लागतात, आणि तिथे राहायचं त्यांनाच आहे. त्यामुळे माझी तक्रार अजिबात नाही. पण घर आज आहे तसं एकदा फोटोत राहावं, अशी फार इच्छा आहे. आईला आता तिथवरचा प्रवास झेपत नाही. तिला मोठ्या प्रिंट काढून द्यायच्या आहेत.

दिवाळीत गेले तेव्हा शंभरेक फोटो काढले. बाहेरचे छान आले, आतले सगळे फसले. माजघराला दक्षिणेकडे एकच खिडकी आहे, लाकडी गजांची, काच नाही, पलीकडे पोफळी. माजघर नीट दिसेल असा फोटो काढला की खिडकीच्या जागी नुसता पांढरा चौकोन, गजसुद्धा गायब. पोफळी दिसतील असा काढला की आत काळोख, मधला खांबही दिसत नाही. फ्लॅश मारला तर जवळची भिंत चुन्यासारखी पांढरी, खांबाची सावली मागे काळी पडलेली, आणि ते माजघर आमचं वाटेचना.

कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा), सोबत आलेली १८-५५ लेन्स. भाच्याचा ट्रायपॉड मिळेल. जानेवारीत चार दिवस जाणार आहे. तेवढ्यात काय काय करता येईल?

अर्धा_स्टॉप:

कॅमेऱ्यात दोष नाही आणि तुमच्यातही नाही. हा उजेडाच्या फरकाचा हिशोब आहे, तो एकदा कळला की निम्मं काम झालं.

राजापूरला काकांच्या घरात मी हा फरक मोजला होता. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्सचं उघडं भोक) एफ/८ कायम ठेवलं. खिडकीबाहेरचं ऊन नीट यायला शटर १/४०० सेकंद लागलं. त्याच माजघराचा कोपरा नीट दिसायला ४ सेकंद लागले. ४ गुणिले ४०० म्हणजे १६०० पट फरक, साधारण साडेदहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). सेन्सरची झेप कागदावर १३-१४ स्टॉपची सांगतात, पण काळोखातले शेवटचे तीन-चार स्टॉप वर उचलले की रवाळपणा येतो आणि रंग मरतात. आपला डोळा एका वेळी एकाच ठिकाणी बघतो, बाहुली लहानमोठी होते, आणि मेंदू सगळं जुळवून आपल्याला अख्खं माजघर दाखवतो. कॅमेऱ्याला ही सोय एका फोटोत नाही, म्हणून त्याला अनेक फोटो द्यायचे.

ट्रायपॉड लावा, लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद करा, फोकस एकदा करून मॅन्युअलवर टाका, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. अॅपर्चर एफ/८ आणि आयएसओ १०० हलवायचं नाही, फक्त शटर बदलायचं: ४ सेकंद, १ सेकंद, १/४, १/१५, १/६०, १/२५०. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने सहा फोटो. कॅमेऱ्यातल्या ऑटो ब्रॅकेटिंगमध्ये (कमी-जास्त उजेडाचे फोटो आपोआप ओळीने घ्यायची सोय) तीनच फोटोंची सोय असेल तर दोनदा करा. बटण बोटाने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. त्या वेळात माळ्यावर किंवा लाकडी जिन्यावर कोणी चालत नाही ना, एवढं बघा.

मी शेवटचा फोटो १/४०० नाही, १/२५० ला सांगितलाय. मुद्दाम. बाहेरचं ऊन थोडं जास्त उजळ यायला हवं. ते का, यावर नंतर सविस्तर लिहीन, कारण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

दादरकर_फोटोवाला:

मी मुंबईत विक्रीच्या आणि भाड्याच्या फ्लॅटचे फोटो काढतो, गेली बारा वर्षं. आमच्याकडे समुद्र दिसत असेल तर तो खिडकीतून दिसलाच पाहिजे, त्याचेच पैसे असतात. त्यामुळे वेगळी पद्धत सांगतो, फ्लॅशची. तुमचा फ्लॅश फसला तो कॅमेऱ्यावरून सरळ समोर मारल्यामुळे.

फ्लॅशचं एक गणित आहे. फ्लॅश क्षणभर चमकतो, म्हणून शटरचा वेग बदलला तरी त्याचा उजेड तेवढाच येतो (कॅमेऱ्याच्या सिंक वेगापर्यंत, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत जलद शटरपर्यंत, बहुतेक १/२०० च्या आसपास). बाहेरचं ऊन मात्र शटरने कमी होतं. म्हणजे शटरने खिडकी आवरायची आणि फ्लॅशच्या ताकदीने खोली.

एक फोटो फ्लॅशशिवाय, खोलीसाठी. मग कॅमेरा न हलवता शटर १/२०० करा आणि फ्लॅश हातात घेऊन खिडकीच्या भिंतीवर, चौकटीवर मारा. या फोटोत बाहेरचं दृश्य नीट येतं आणि चौकटही काळी पडत नाही. संगणकावर हा दुसरा फोटो पहिल्यावर ठेवायचा, मोड 'डार्कन', आणि फक्त खिडकीपुरता मास्क, म्हणजे बाकी भाग झाकलेला. डार्कनमध्ये दोन्हींपैकी जो गडद असेल तो दिसतो. खिडकीत दुसरा गडद, म्हणून पोफळी येतात. भिंतीवर पहिला गडद, म्हणून भिंत जशी होती तशी राहते. गजांच्या कडा हाताने कापत बसायला नको. तुमच्या खिडकीला काच नाही, हे भाग्यच. काचेत फ्लॅशचं प्रतिबिंब चुकवण्यात आमचा अर्धा दिवस जातो.

कौलारू:

आमच्या घरात पाहुण्यांची सोय आहे, गुहागर तालुक्यात. त्यामुळे असल्या खोल्यांचे फोटो मी स्वतःच दरवर्षी काढतो. साधनांबद्दल वरची मंडळी जास्त जाणतात. मी वेळेबद्दल सांगतो, कारण योग्य वेळी गेलात तर सहाचे तीन फोटो पुरतात.

घर पूर्वाभिमुख आहे म्हणालात. मग ओटीचे फोटो सकाळी काढूच नका. सकाळी खळ्यावर ऊन असतं आणि ओटी अंधारी. तीन-साडेतीननंतर घराचीच सावली खळ्यावर पडते, तेव्हा आतबाहेरचा फरक निम्म्यावर येतो. माजघराची खिडकी दक्षिणेला. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे जानेवारीत भरदुपारी ऊन त्या खिडकीतून सरळ जमिनीवर येणार. (मे महिन्यात तो डोक्यावर असतो, तेव्हा ही अडचण नसते, पण तोवर तुमची कौलं उतरलेली असतील.) तिथे सकाळी सात-साडेसातला, नाहीतर सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांत काढा. आभाळ आलं तर सगळी कामं टाकून कॅमेरा उचला.

रंग. आगरातून येणारा उजेड पानांवरून परतून येतो, म्हणून तो हिरवा असतो. चुन्याच्या भिंतीवर ही हिरवी झाक आपल्याला जाणवत नाही, फोटोत मात्र भिंतीवर शेवाळ चढल्यासारखी दिसते. ओटीवर उलटं. खळ्याच्या तांबड्या मातीवरून उजेड वर जातो आणि वासे, कौलं खालून लालसर होतात. दोन्ही झाका पुसून टाकू नका, निम्म्या कमी करा. आमच्या घरात बसल्यावर जे शांत वाटतं त्यात त्या हिरव्या उजेडाचा वाटा आहे, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक. खळ्यात वाळवण घातलेलं असताना ओटीचं छत उजळलेलं कधी बघितलंयत? आमसुलांखालच्या पांढऱ्या साडीवरून ऊन वर फेकलं जातं. तेच करा. दारासमोर उन्हात दोन पांढऱ्या चादरी अंथरा, त्या फोटोत येणार नाहीत अशा. ओटी एखाद-दुसऱ्या स्टॉपने उजळते, आणि उजेड इतका मऊ की कुठे काही लावलंय हे कळतही नाही.

जुनी_काच:

कौलारू, चादरींची युक्ती थोरामोठ्यांची आहे. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी १९५० च्या दशकात सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'साठी बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत चित्रित केलं, तेव्हा वर पांढरं कापड ताणून त्यावर दिवे मारले होते. आकाशाचा उजेड हवा होता, म्हणून.

आणि पोफळीची_सावली, तुमच्या अडचणीचं वय छायाचित्रणाएवढंच आहे. आज टिकून असलेलं सर्वांत जुनं निगेटिव्ह ऑगस्ट १८३५ चं, छायाचित्रणाचे एक जनक टॅल्बट यांनी इंग्लंडमधल्या लेकॉक अॅबी या आपल्या घरात काढलेलं. ते आहे पोस्टाच्या तिकिटाएवढं, आणि त्यात आहे एक खिडकी, घराच्या आतून बघितलेली. खोलीतलं काहीच नाही, फक्त तावदानांची जाळी. भिंग घेऊन बघितलं तर दोनशेच्या आसपास काचा मोजता येत होत्या, असं टॅल्बट यांनीच त्याच्यासोबत लिहून ठेवलंय.

पोफळीची_सावली:

किती मनापासून लिहिलंयत सगळ्यांनी! धागा छापून घेतला, सोबत नेणार आहे.

दोन शंका. १) घरात पिवळे बल्ब आहेत आणि माजघरात एक पांढरी ट्यूब. लावू की बंद ठेवू? २) सहा फोटो एकत्र कशात करू? महिन्याचे पैसे भरायचं सॉफ्टवेअर माझ्याकडे नाही.

अर्धा_स्टॉप:

दिवे सगळे बंद, पंखाही बंद. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात: पिवळा बल्ब २७००, ट्यूब ६५०० च्या आसपास, खिडकीतला उजेड तिसराच. एकाला पांढरं केलं की बाकीचे दोघे बिघडतात. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/२५० च्या फोटोत त्याचे आडवे पट्टे येऊ शकतात. देवघरातली समई मात्र लावा. तिचा पिवळा रंग चूक नाही, तो तिचाच आहे.

सॉफ्टवेअर: फोटो जोडायचं हगिन फुकट आहे, त्याच्यासोबत एन्फ्यूज येतं. मर्टेन्स या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर ते चालतं. प्रत्येक फोटोतला जो भाग नीट उजेडात, रंगात आणि तपशिलात आहे त्याला जास्त वजन देऊन सगळे एकजीव करतं. हिशोब एवढाच असल्यामुळे चित्र भडक होत नाही. रॉ फाइल आधी डार्कटेबल या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सारख्याच व्हाइट बॅलन्सने (पांढऱ्याचा रंग ठरवणाऱ्या सेटिंगने) उघडून टिफ फाइल करून घ्या.

आता ती मेख. एकत्र केलेला फोटो समोर आला की सगळं दिसतंय या आनंदात आपण खिडकी आणखी आणखी खाली ओढत जातो. थांबा आणि खिडकीच्या बाजूची भिंतीची जाडी बघा. दीड हात जाड भिंत म्हणजे खिडकीच्या दोन्ही अंगांना दीड हाताचा चुन्याचा पट्टा. बाहेरच्या काठाशी तो लख्ख, आतल्या काठाशी राखाडी, मध्ये उजेड हळूहळू विझत जातो. डोळा त्यावरूनच ओळखतो की उजेड इथून आत येतोय. बाहेरच्या पोफळी त्या पट्ट्यापेक्षा गडद झाल्या, की खिडकीची खिडकी राहत नाही, भिंतीवर चिकटवलेलं कॅलेंडर होतं. बाहेरचं दृश्य खोलीपेक्षा किमान दीड-दोन स्टॉप उजळ राहू द्या. गज दिसू देत, पोफळीचे बुंधे ओळखू येऊ देत. एवढं पुरे.

गजांभोवती किंवा चौकटीभोवती धुरकट पांढरी कड आली, तर ती बहुधा लेन्सच्या धूसरपणाची. यूव्ही फिल्टर काढून ठेवा. समुद्राजवळ लेन्सवर खारट पापुद्रा बसतो, रोज सकाळी पुसा.

हिमवर्षा:

न्यू जर्सीहून. अर्धा_स्टॉप यांचं कॅलेंडरचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं. मागच्या वर्षी आम्ही इथलं घर विकलं. एजंटने पाठवलेल्या फोटोग्राफरने दादरकरांनी सांगितलेल्याच पद्धतीने फोटो काढले. प्रत्येक खिडकीत मागचं अंगण सुईसारखं स्पष्ट, गवताचं पातं न् पातं. घर विकलं गेलं, फोटोंनी त्यांचं काम केलं. पण तिथे आम्ही १९ वर्षं राहिलो, त्या घराची आठवण म्हणून मी ते फोटो उघडते तेव्हा स्वयंपाकघरातली सकाळ त्यात सापडत नाही. सिंकसमोरच्या खिडकीतून इतका उजेड यायचा की भांडी घासताना डोळे बारीक करावे लागायचे. त्या फोटोत डोळे बारीक करावेत असं काहीच नाही.

सावली, तुम्हाला घर विकायचं नाहीये. आईला दाखवायचंय.

दादरकर_फोटोवाला:

हिमवर्षा, पटलं. मी गिऱ्हाइकासाठी काढतो तेव्हा खरेदीदाराला खिडकीतून काय दिसेल हे सांगायचं असतं. इथे काम वेगळं आहे. पण सावलीताई, माझी पद्धत टाकून देऊ नका. तो डार्कनचा थर १०० टक्के न ठेवता ३०-४० वर आणा. दृश्य नुसतं सुचवलं जातं, गज परत मिळतात आणि भिंतीचा पट्टाही शाबूत राहतो.

उभं कुठे राहायचं, तेही सांगतो, कारण त्याने खिडकीची अर्धी अडचण आपोआप सुटते. खिडकीच्या समोर उभ्या राहू नका. खिडकी फोटोच्या एका कडेला येईल असं उभं राहा, म्हणजे उजेड जमिनीवरून आडवा येताना दिसेल आणि सारवणावरचे हाताचे फेरसुद्धा उठून दिसतील. तुमच्या लेन्सचं १८ म्हणजे फुल फ्रेमवरचं (मोठ्या सेन्सरवरचं) २७-२९. खोली लहान पडली तर उंबरठ्यावर ट्रायपॉड लावा. उंची साडेतीन-चार फूट. कॅमेरा वर-खाली झुकवायचा नाही, नाहीतर खांब आत कलल्यासारखे दिसतात. आणि आवराआवर करू नका. दाराआडचं सूप, खुंटीवरची पिशवी, सगळं तिथेच असू दे.

गावची_एसटी:

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. माझंही असंच एक घर आहे. काही होईल का?

अर्धा_स्टॉप:

होईल. मोबाइल बटण दाबल्यावर स्वतःच भराभर अनेक फोटो घेऊन जोडतो. फक्त तो हलू देऊ नका, स्टुलावर पुस्तकांना टेकवून टायमर लावा. स्क्रीनवर खिडकीच्या आतल्या काठावर, म्हणजे त्या राखाडी पट्ट्यावर, बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक होईल. मग उजेड किंचित कमी करा. अगदी रुंद लेन्स वापरू नका, बहुतेक मोबाइलमध्ये तिचा सेन्सर लहान असतो, काळोखात ती लगेच हरते. आणि कौलारूंची वेळ पाळा, मोबाइलला तिचा उपयोग सगळ्यांत जास्त.

पोफळीची_सावली:

परत आले. चारही दिवस लख्ख ऊन, आभाळ एकदाही आलं नाही. तरी जमलं!

ओटी दुपारी चारला, दोन चादरी अंथरून. मामींनी त्यांच्या जुन्या पांढऱ्या साड्याही आणून दिल्या. ओटीच्या तुळईवर खडूने लिहिलेले आकडे आहेत, कधीचा तरी नारळांचा हिशोब. आजवर आम्हा कुणाला माहीतच नव्हते. ते फोटोत वाचता येतात.

देवघराच्या छतात एक काचेचं कौल आहे. अकराच्या सुमारास त्यातून कवडसा पडतो, तो मला हवाच होता. पहिल्यांदा दादरकरांची फ्लॅशची पद्धत करून पाहिली. दोन फोटोंच्या मध्ये फ्लॅश चालू करण्यात चारपाच मिनिटं गेली आणि तेवढ्यात कवडसा पाटाच्या कडेवरून तीन बोटं सरकला होता. दोन फोटोंत दोन कवडसे. मग दुसऱ्या दिवशी फ्लॅश बाजूला ठेवून सहा फोटो एकामागोमाग घेतले, दहा-बारा सेकंदांत झाले. समई तेवत होती.

माजघर तीनदा काढलं. भरदुपारचं टाकून दिलं. सकाळी सव्वासातचं तांत्रिकदृष्ट्या सगळ्यांत स्वच्छ आहे. पण मी प्रिंटसाठी निवडलं ते सूर्य मावळल्यानंतरचं. एन्फ्यूजने दिलेल्या चित्रात खिडकी मला जरा गडद वाटली, म्हणून १/२५० चा फोटो काढून टाकून पाचच परत जोडले. पोफळी फिकट आहेत, गज सगळे आहेत, खांबावर तेलकट हातांनी आलेली चकाकी आहे. मागचा कोपरा काळोखात आहे, तो तसाच ठेवला. तिथे कायमच काळोख असायचा.

काल बारा बाय अठराची प्रिंट आईला दाखवली. तिने चष्मा लावला आणि सरळ खिडकीच्या त्या चुन्याच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. म्हणाली, "आई इथे टेकून तांदूळ निवडायची. तिन्हीसांजेला सुपात खडा दिसेनासा झाला, की उठायची."

आता फक्त स्वयंपाकघर राहिलंय. मार्चमध्ये पुन्हा जाणार आहे. तिथे चूल अजून पेटते आणि धूर कौलांपर्यंत जातो. धूर असताना काय करू? सहा फोटोंत तो प्रत्येक वेळी वेगळा येईल ना?

कौलारू:

येईल. म्हणून आधी चूल पेटायच्या आत सहा फोटो घ्या, खोलीसाठी. मग पेटवा, आणि कॅमेरा न हलवता धुराचा एकच वेगळा फोटो घ्या, १/६० च्या आसपास, त्यासाठी आयएसओ वाढवा. धूर उजेडाच्या समोर दिसतो, म्हणून खिडकी किंवा परसदार त्याच्या मागे येईल असं उभं राहा. तो फोटो जोडायचा नाही, तसाच प्रिंट करा. ओली लाकडं घालू नका, डोळ्यांना फार त्रास होतो. नारळाची सोडणं घाला, धूर पांढरा आणि दाट येतो.